चौथ्या चाकाची टोपी

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, ब्रेकचं काम मी घरीच करू का गॅरेजला देऊ? इथे गॅरेजवाले फार पैसे लावतात. आजोबांना विचारून सांग ना." तिकडच्या थंडीत तू जुनी गाडी घेतलीस, तिच्याखाली शिरून ऑइल बदललंस आणि काळे झालेले हात दाखवत स्वतःचा फोटो पाठवलास. तो मी आजोबांना दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हात आधी रॉकेलने पुसायला सांग, साबण नंतर." आणि फोन माझ्याकडे परत देताना विचारलं, "कोण ही?"

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. धाकट्या भावालाही फोनवर वाचून दाखव. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना सोपं गेलं असतं, आणि मलाही जड नव्हतं. आयुष्यभर मी डहाणू रोडच्या शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण यातलं निम्मं बोलणं तुमच्या आजोबांचं आहे, आणि ते इंग्रजीत बोलत नसत.

आपली पांढरी व्हॅन तुम्हाला आठवत असेल. चिखल्याला सुट्टीत यायचात तेव्हा तिच्या मागच्या भागात चिकूच्या क्रेटवर बसण्यावरून तुमची भांडणं व्हायची. घेतली तेव्हाच ती जुनी होती. आधी उंबरगावच्या एका बेकरीवाल्याकडे होती, त्यामुळे दारं दोन दिवस बंद राहिली की आत टोस्टचा वास साठायचा. तलासरीला हायवेलगत एक गॅरेज आहे, तिथल्या मेकॅनिकने ती आजोबांना मिळवून दिली. वाडीतले चिकू पोचवायचे आणि मला शाळेत सोडायचं, एवढंच तिला काम होतं. गाडी घरी आली त्याच आठवड्यात आजोबांनी अंगणात गोणपाट अंथरलं आणि तिच्याखाली शिरले.

तलासरीच्या मेकॅनिकला याचा भारी राग होता. निम्मं गुजराती, निम्मं मराठी बोलणारा, गोल पोटाचा, हसरा माणूस. रस्त्यात कुठेही भेटला की सुरू व्हायचा. "काका, गाडी मी दिली ती काय पुण्य कमवायला? वरसमां एकदा तरी बिघडवून आणा! तुमच्यासारखी चार गिऱ्हाईकं झाली तर मी काय चिकू विकायला बसू?"

"ये की," आजोबा म्हणायचे. "झाडावर चढायला माणूस हवाच आहे मला."

"हे पोट घेऊन?"

"फांदी मोडली तर तुझ्याच बिलात धरू."

गावातही लोक म्हणायचे, चिकूवाले काका चिक्कू आहेत. तसं नव्हतं. आजोबा लहान असताना वाडीतल्या विहिरीवर पाणी ओढायचं इंजिन होतं. ते बंद पडलं की मेकॅनिक येईपर्यंत सगळी वाडी तहानलेली राहायची आणि त्यांचे वडील झाडांपुढे अपराध्यासारखे उभे राहायचे. ते बघून आजोबा इंजिन उघडायला शिकले. त्यांचं म्हणणं एकच होतं: ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत ते आतून कसं आहे, हे आपल्याला ठाऊक हवं.

व्हॅनबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं, दुरुस्तीचं. बेकरीवाल्याने ते कधी उघडलं नसावं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. आजोबांना मराठी आणि गुजराती सफाईने वाचता यायचं, इंग्रजी नाही. म्हणून रविवारी जेवण झालं की हाक यायची, "मास्तरीणबाई, पुस्तक काढा."

मी गाडीजवळ स्टूल टाकून बसायची, एक वाक्य इंग्रजीत मनात वाचायची आणि मराठीत मोठ्याने सांगायची. खालून "हं" आलं की पुढचं वाक्य. वर्गातल्या कुठल्याही मुलाने माझं शिकवणं इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही.

"पुस्तक म्हणतं, बोल्ट सैल करून बाजूला ठेवा."

"पुस्तकवाल्याला म्हणावं, एकदा चिखल्याला ये. समुद्राची खारी हवा खा. हा बोल्ट सैल व्हायला पंचांग बघावं लागेल."

सुटलेला प्रत्येक भाग गोणपाटावर ओळीने मांडला जायचा, उघडला त्या क्रमाने. लावताना तीच ओळ उलट्या बाजूने संपवत यायची. मला व्यवस्थितपणाची आवड आहे हे तुम्ही जाणता. तुमची आई माहेरी आली की माझ्या कपाटाची थट्टा करते. त्या ओळीकडे बघून मला फार बरं वाटायचं.

इतर सगळी कामं आजोबा एकट्याने करत. ब्रेकमधली हवा काढणं मात्र एकट्याने होत नाही. तू करायचं म्हणतेस म्हणून नीट सांगते. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. त्यात हवा शिरली की पॅडल स्पंजसारखं मऊ लागतं, दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. मग एकाने आत बसून पॅडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकामागचा एक बारीक स्क्रू थोडा सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडले की स्क्रू आवळायचा, मगच पॅडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत जाते. असं चारही चाकांना.

खालून आवाज यायचा, "दाब."

मी दाबायची. "धरलंय."

"धरून ठेव. ठेव अजून. हां, सोड."

"तुम्ही सांगाल ते निमूट ऐकायची मला एवढी एकच वेळ येते," मी म्हणायची.

"म्हणूनच ब्रेक वरचेवर काढतो," खालून उत्तर यायचं.

त्या प्रत्येक स्क्रूवर चिंचोक्याएवढी रबराची टोपी असते, धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून. आजोबा टोपी काढायचे आणि उघड्या दारातून माझ्या हातात द्यायचे. स्क्रू पक्का आवळला की त्यांचा काळा हात पुन्हा वर यायचा, "टोपी." मी द्यायची. माझ्या मुठीत टोपी आहे तोवर एक चाक उघडं आहे, आणि मूठ रिकामी झाली की काम संपलं. ही पद्धत पुस्तकात नव्हती, आमच्या अंगणातली होती. तिच्यामुळे आमची गाडी कधी अर्धवट राहिली नाही.

मी निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. एका रविवारी वाचत असताना खालून "हं"च्या जागी आलं, "परत वाच." वाऱ्याने ऐकू गेलं नसेल असं समजून मी मोठ्याने वाचलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, "परत वाच." वर्गात मुलाला कळलं नाही की मी वाक्य सोपं करून सांगायची, तसं करून पाहिलं. पण वाक्य मुळातच सोपं होतं. झाकण बसवा आणि स्क्रू आवळा, एवढंच.

काही दिवसांनी गोणपाटावरची ओळ संपली आणि एक वॉशर उरला. दोघांनी तो पाहिला.

"जास्तीचा असेल," आजोबा म्हणाले.

गाडीत जास्तीचं काही नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तो वॉशर उचलून खिशात टाकला.

वलसाडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. हे पुढेच जाणार, मागे येणार नाही, असंही सांगितलं. आणि एक गोष्ट सांगितली: त्यांना जे जमतंय ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका. तुमच्या आईचं मत वेगळं होतं. ती फोनवर म्हणायची, "आई, बाबांना आता गाडीखाली जाऊ देऊ नकोस. चार पैसे गेले तरी चालतील, तलासरीला दे." तिचं चुकत नव्हतं. डॉक्टरांचंही चुकत नव्हतं.

मी रोज जे बघत होते ते त्या दोघांना दिसत नव्हतं. आजोबा फाटकापर्यंत जाऊन कशाला आलो म्हणून उभे राहायचे. चहा घेतला की नाही ते विचारायचे. वाडीत कामाला येणाऱ्या बाईंना रोज नव्याने तुमचं गाव कुठलं म्हणायचे. पण गोणपाटावर आडवे झाले की बोटं आपोआप योग्य पान्याकडे जायची. गाडीखालचा माणूस पूर्वीचाच होता. गाडी गॅरेजला दिली असती तर तो माणूस मला परत कुठे भेटला असता? आणि नाही दिली तर एखाद्या दिवशी गाडी थांबणार नाही, हेही दिसत होतं. या दोन्हींच्या मध्ये मी कितीतरी रविवार स्टूल टाकून बसले आणि पुस्तक वाचत राहिले.

दिवाळीनंतर आम्ही दरवर्षी सायवनला जायचो. तिथलं एक घर पिढ्यांपासून आपल्या वाडीत चिकू काढायला येतं. त्यांच्या डोंगरउतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकते. आपण सुके बोंबील न्यायचे, त्यांनी नागलीची गोणी द्यायची, असा तुमच्या पणजोबांपासूनचा व्यवहार. निघायच्या आदल्या दिवशी आजोबा म्हणाले, "ब्रेक मऊ लागतोय. चढउताराचा रस्ता आहे. काढून टाकू हवा."

मी पॅडलवर बसले. पहिलं चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. टोप्या आल्या आणि गेल्या. चौथ्याला, डाव्या मागच्या चाकाशी, ते बराच वेळ नुसते पडून होते. मग आवाज आला, "दाब."

"धरलंय."

पुढे काहीच येईना.

"सोडू का हो?"

"सोड."

ते बाहेर आले, हात पुसले, गोणपाट झटकून घडी केलं. माझी मूठ रिकामी होती. मी दार लावून घेतलं.

जाताना सगळं ठीक होतं. सायवनच्या घरी भाकरी झाली, गप्पा झाल्या. घरच्या म्हातारीने आजोबांना चिडवलं, "काय ओ शेट, बोंबील यंदा बारीक आणलेत. समुद्र आटला का?" आजोबा म्हणाले, "तुझ्या नागलीच्या मापाने आणले." ती खूप हसली. मीही हसले. तो दिवस चांगला चालला होता, आणि त्यांनी त्या घरातल्या सगळ्यांना बरोबर ओळखलं होतं.

परतताना उधव्यावरून तलासरीला उतरायचं आणि तिथून घरी, असं त्यांनी ठरवलं. एका वळणावर उतार लागला आणि खाली रस्त्यात शेळ्या बसल्या होत्या. आजोबांनी ब्रेक दाबला. पाय थेट खाली टेकला.

"अगं, धर," एवढंच ते म्हणाले.

मी समोरचा दांडा धरला. त्यांनी गियर खाली टाकला, मग आणखी खाली, हँडब्रेक ओढला आणि गाडी रस्त्यावरून कापणी झालेल्या भातशेतात घातली. एक बांध ओलांडला, दुसऱ्या बांधाला टेकून ती थांबली. नागलीची गोणी फुटून दाणे सीटखालपर्यंत पसरले. आम्हाला खरचटलंही नाही. शेळ्या आमच्याकडे बघत जागच्या जागी बसून होत्या.

आजोबा उतरले. डाव्या मागच्या चाकाशी वाकले, आत हात घातला. हात ओला झाला. त्यांनी बोटं नाकाजवळ नेली, मग शेतातल्या धसकटांना पुसली. ब्रेकच्या तेलाचा वास त्यांना काय परका होता? माझ्याकडे न बघता ते बांधावर जाऊन बसले.

शेतातली माणसं धावत आली. त्यांनी ढकलून गाडी रस्त्यावर काढली आणि एका ट्रॅक्टरने आम्हाला ओढत तलासरीला नेलं.

गॅरेजच्या दारात ट्रॅक्टरमागे बांधलेली आमची व्हॅन बघून मेकॅनिकने दोन्ही हात पसरले. "अरे वा! आवो काका, आवो! शेवटी बिघडवून आणलीच ना? मास्तरीण, आज पेढे तुमच्याकडून!" मग त्याने आमचे चेहरे पाहिले आणि चहा सांगितला.

तो खाली शिरला आणि थोड्याच वेळात ओरडला, "हे मागचं डावं. स्क्रू नुसत्या बोटाने फिरतोय, काका! सगळं तेल गेलं. कुठल्या गाढवाने केलं हे काम? नाव सांगा मला त्याचं, मी बघतो त्याच्याकडे. आणि याची टोपी पण खाल्ली त्याने!"

आजोबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. रुमाल निघाला, कंगवा निघाला, तो जुना वॉशर निघाला, आणि त्याच्या मागून रबराची टोपी. त्यांनी ती तळहातावर ठेवली आणि मला दाखवली.

"ही तुझ्याकडे असायला हवी होती ना?"

त्यात मला दोष नव्हता. रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसं ते विचारत होते. मी मान डोलावली.

मेकॅनिक बाहेर आला होता. त्याला कळलं. तो घाईघाईने म्हणाला, "होतं काका, रबर आहे, सुटतं कधीकधी. रस्ते किती खराब."

"नाही," आजोबा म्हणाले. "मीच तो गाढव."

त्यांनी गाडीतून आपल्या पान्यांची गुंडाळी काढली. जुन्या खाकी पँटच्या कापडाची, मी शिवलेली, प्रत्येक पान्याला वेगळा खण. त्यातला ब्रेकचा लहान पाना काढून त्यांनी मेकॅनिकच्या टेबलावर ठेवला.

"आता तू करत जा."

"काका, पाने आहेत माझ्याकडे."

"राहू दे. चांगला आहे. आमच्याकडे गंज चढतो."

इतके रविवार मला जे ठरवता आलं नव्हतं, ते त्यांनी माझ्यासमोर उभ्याउभ्या ठरवून टाकलं. त्यांना त्या क्षणी सगळं स्वच्छ समजत होतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

हवा काढायला पॅडलवर माणूस हवा होता. मी सवयीने दाराकडे वळले, तर आजोबा आधीच आत जाऊन बसलेले.

"दाबा, काका," खालून मेकॅनिक म्हणाला.

"धरलंय," आजोबा म्हणाले.

तो माझा शब्द होता. त्यांच्या तोंडून मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. मग त्यांनी डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि उजवा दाराबाहेर काढला, तळवा वर करून.

मेकॅनिक बुचकळ्यात पडला. "काय पाहिजे, काका?"

"टोपी. आवळून झालं की परत देईन."

तो टोपी देत गेला आणि घेत गेला, चारही चाकांच्या. आजोबा मूठ घट्ट मिटून बसले होते. मी चहाचा पेला धरून उभी होते, तो कधी निवला ते कळलं नाही.

तेव्हापासून गाडी तलासरीलाच जाते. मेकॅनिक स्वतः येऊन नेतो आणि आणून सोडतो. काम चोख करतो, तक्रारीला जागा नाही. पण आता तो आजोबांना टोमणे मारत नाही. "कसे आहात काका?" असं हळू आवाजात विचारतो. अंगणात त्याचा तो आवाज ऐकला की मला आत स्वयंपाकघरात जावंसं वाटतं. दुरुस्तीचं पुस्तक कपाटात आहे. मधे एकदा रविवारी मी ते काढून त्यांना एक पान वाचून दाखवलं. ते ऐकत बसले, पण "हं" आलं नाही आणि "परत वाच"ही आलं नाही.

खंडेनवमीला आजोबा पाटावर सगळे पाने मांडून हळदकुंकू लावायचे, झेंडूची फुलं वाहायचे. यंदा मी मांडले, मोठ्यापासून लहानापर्यंत. एक जागा रिकामी ठेवली. आजोबा शेजारी येऊन बसले.

"कोणाचे आहेत हे?"

"आपलेच."

त्यांनी एक उचलून बघितला, अंगठ्याने कडा पुसली. "चांगले ठेवलेत हो ज्याने ठेवलेत त्याने," ते म्हणाले.

तर आता तुझा प्रश्न. आज सकाळी ते ओट्यावर बसले होते आणि मी जवळच नागली निवडत होते. मी म्हटलं, "अहो, आपल्या नातीने जुनी गाडी घेतली आहे. ती विचारते, ब्रेकमधली हवा घरी काढू का गॅरेजला देऊ?"

ते चिकूच्या झाडांकडे बघत राहिले. मला वाटलं, गेलं ते वाऱ्यावर. मी सुपात लक्ष घातलं.

"पॅडलवर कोण बसणार आहे?" ते म्हणाले. अगदी पूर्वीच्या आवाजात.

"ती तिकडे एकटीच राहते हो."

"मग नको," आजोबा म्हणाले. "तिला सांग, कोणी बसणारं मिळेपर्यंत नको. मिळालं की कर म्हणावं घरीच. आणि टोपी त्याच्या हातात दे म्हणावं. आपल्या खिशात ठेवू नको."

दुपारी जेवताना मी तो विषय पुन्हा काढून पाहिला. "कसला ब्रेक?" ते म्हणाले आणि ताटातला भात कालवत राहिले.

म्हणून हे लगेच लिहून काढलं. त्यांचं उत्तर आज सकाळचं आहे. ते धरून ठेव.